हॉप्सची वेल आणि वर्ध्याचा मे महिना

२०२१च्या मार्चअखेरीस एक बातमी देशभरच्या मोबाइलवर फिरली. बिहारच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने ‘हॉप शूट्स’ नावाची भाजी पिकवली आणि तिला किलोमागे एक लाख रुपये भाव आहे, असे तिच्यात म्हटले होते. एका सनदी अधिकाऱ्याने ती समाजमाध्यमावर टाकली आणि मग ती आवरेना. कापूस-सोयाबीनच्या भावाला कंटाळलेल्या कुणालाही मोह पडावा असाच तो आकडा होता. काही दिवसांनी वार्ताहर प्रत्यक्ष गावात गेले, तेव्हा तिथे हॉप्सचे एकही झाड सापडले नाही.

बातमी खोटी निघाली, पण हॉप्स खरे आहेत. बिअरला कडूपणा आणि वास देणारी ही वेल भांगेच्या कुळातली. तिच्या मादी वेलीला लागणाऱ्या शंकूसारख्या फुलांत ल्युपुलिन नावाची पिवळी, चिकट भुकटी असते आणि सगळी किंमत त्या भुकटीची. युरोप-अमेरिकेत हौशी लोक ही वेल घराच्या भिंतीवर चढवतात. अलीकडे माशांच्या टाकीच्या पाण्यावर, म्हणजे अॅक्वापोनिक्सच्या पद्धतीने, ती वाढवण्याचे प्रयोगही होतात. मातीशिवाय शेती, गच्चीवरची शेती, माशांसोबत शेती ही सगळी नावे आता आपल्याकडेही कानांवर पडू लागली आहेत. वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या घराने आपल्या परसात, सांदवाडीत किंवा गच्चीवर यातले काय करावे आणि काय करू नये, हे एकदा नीट तपासायला हवे.

हॉप्सचे गणित

सत्तरीच्या दशकापासून वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणे राज्यात कुठेही गुन्हाच आहे. तेव्हा घरच्या हॉप्सपासून घरची बिअर हा बेत इथे सुरू होण्याआधीच संपतो. पण कायदा बाजूला ठेवून केवळ वनस्पती म्हणून पाहिले, तरी ही वेल वर्ध्यात का रमत नाही ते समजून घेण्यासारखे आहे.

पहिली अडचण उजेडाची. दिवस लहान होऊ लागले की हॉप्सची वेल फुलावर येते. जर्मनीतल्या हालरटाउ किंवा अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यात उन्हाळ्यातला दिवस पावणेसोळा-सोळा तासांचा असतो. तेवढ्या काळात वेल पाच-सहा मीटर उंच दोरावर चढते, अंगाने भरते आणि मग फुलते. वर्धा जवळपास पावणेएकवीस अक्षांशांवर आहे. इथला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तास वीस मिनिटांचा. वेलीच्या दृष्टीने इथे कायमच दिवस लहान असतो. त्यामुळे ती पुरती वाढण्याआधीच फुलते आणि मोजकेच शंकू हाती लागतात.

दुसरी अडचण थंडीची, असे पुस्तकांत पूर्वापार लिहिलेले असे. हिवाळ्यात काही आठवडे गोठल्याशिवाय हॉप्स नीट फुटत नाहीत, ही समजूत अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या विल्यम बाउर्ले यांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने बरीच ढिली केली. प्रकाशाचे तास नेमके राखले तर थंडीची झोप न घेताही वेल फुलते, असे त्यांनी दाखवले. फ्लोरिडा विद्यापीठाने तर सुमारे २८ अक्षांशांवर, रात्री एलईडी दिवे लावून, वर्षाला हॉप्सची दोन पिके काढून दाखवली आहेत. म्हणजे ‘अशक्य’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

उरतो तो मे महिना. वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि कोरडा, तापलेला वारा दिवसभर वाहतो. या हवेत हॉप्स टिकवायचे तर दिव्यांच्या जोडीला बंद हरितगृह, पंखे आणि ओले पॅड लागणार. विदर्भातल्या घरोघरी खिडकीला जो कूलर असतो, तोच मोठा करून त्यात वेल ठेवावी लागणार. विजेचे आणि पाण्याचे बिल पाहता अशा मूठभर शंकूंचा भाव त्या बिहारी अफवेच्या जवळ जाईल.

भारतात हॉप्स जिथे खरोखर पिकले त्या जागा थंड आहेत. काश्मीरमध्ये सोपोरजवळ दोआबगाह इथे एकोणिसाव्या शतकात संस्थानाचा हॉप्सचा मळा होता. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी ही वेल लावली आणि तिची फुले मद्यकंपन्यांना विकली. पुढे परदेशी मालासमोर भाव टिकला नाही, तसे तिथले शेतकरी बटाटा, मटार आणि फ्लॉवरकडे वळले. २००९मध्ये पुण्यात ‘डुलाली’ने स्वतःची ताजी बिअर विकायला सुरुवात केली आणि महाराष्ट्रात छोट्या मद्यशाळांचे पर्व आले. तरीही त्यांना लागणारे हॉप्स मुख्यतः परदेशातूनच येतात.

त्याच स्वभावाची गावरान वेल

गंमत अशी की हॉप्सच्या सवयींची एक वेल वर्ध्याच्या बांधावर आणि जंगलकाठी आपसूक उगवते. काटवल. हॉप्सप्रमाणेच हिचा कंद जमिनीखाली वर्षानुवर्षे जगतो. वरची वेल दरवर्षी वाळते आणि मोसम आला की पुन्हा फुटते. नर आणि मादी वेली वेगळ्या असतात, चढायला आधार लागतो. फरक एवढाच की हॉप्सचा कंद बर्फाखाली झोपतो आणि काटवलाचा उन्हाळ्यात. वर्ध्याचा मे महिना जिला मारतो ती हॉप्सची वेल, आणि ज्या वेलीच्या विश्रांतीचाच तो काळ आहे ती काटवलाची.

परसात काटवल लावताना फसगत होते ती नर-मादीवरून. बी पेरले तर कोणती वेल नर आणि कोणती मादी हे फुले येईपर्यंत कळत नाही. शिवाय बी लवकर उगवतही नाही. म्हणून जाणते लोक मादी वेलीचे कंद ओळखून ठेवतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी तेच लावतात. आठ-दहा मादी वेलींमागे एक नर वेल पुरते. नर अजिबात नसेल तर वेल मांडवभर पसरते, फुलते, पण फळ धरत नाही. मादी फुलाच्या खाली काटेरी इवलेसे फळ आधीच दिसते, नर फुलाखाली नुसता देठ असतो. फुले संध्याकाळी उमलतात, तेव्हा नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला हलकेच टेकवले की काम झाले. हॉप्सच्या मळ्यात याच्या नेमके उलटे चालते. तिथे बी धरू नये म्हणून नर वेली शोधून उपटतात.

काटवलाकडे कृषी विद्यापीठांचेही लक्ष गेले आहे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने ‘इंदिरा कंकोडा-१’ हे लागवडीचे वाण दिले आहे. पावसाळ्यात बाजारात काटवल इतर वेलभाज्यांपेक्षा महागच असते. ज्याला परसातून चार पैसे मिळवायचे आहेत, त्याने लाखाच्या भाजीपेक्षा या भाजीकडे पाहावे.

वेलींचा जुना, कसबी व्यवसायही विदर्भात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या परिसरात बारी समाजाने नागवेल आणि पानपिंपरी पिढ्यानपिढ्या सांभाळली. विड्याच्या पानाची वेल उन्हाने करपते, म्हणून पानमळ्यात पांगारा, शेवगा, हादगा अशी झाडे लावून तिला आधार आणि सावली दोन्ही देतात. हिरवी जाळी बाजारात येण्याच्या कितीतरी आधी इथल्या शेतकऱ्याने जिवंत शेडनेट उभारली होती. परसात शेवग्याच्या झाडावर नागवेल चढवली, तर शेंगा आणि पाने एकाच खड्ड्यातून मिळतात.

सेवाग्राम-पवनारचा धडा

घराभोवती अन्न पिकवण्याचा विचार वर्ध्याला नवा नाही. १९३४मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांनी त्याचे काम उभे केले. गांधीजी त्या काळात तिथेच राहत. कच्च्या पाल्याचे, सोयाबीनचे, कडुनिंबाच्या पानांचे प्रयोग त्यांनी स्वतःच्या ताटात केले आणि पालेभाज्यांच्या पोषणमूल्यांवर ‘हरिजन’मध्ये लिहिले. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवलेली कंपोस्टची पद्धत त्यांनी १९३५मध्ये प्रत्यक्ष पाहिली आणि तिचाही प्रसार केला. पुढच्या वर्षी ते शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले.

परसबागेच्या दृष्टीने त्याहून बोलका प्रयोग पवनारचा. १९५०मध्ये विनोबांनी तिथे ‘कांचनमुक्ती’ आणि ‘ऋषिशेती’ सुरू केली. पैसा वापरायचा नाही आणि बैलही नाही. भाजीपाला स्वतःच्या हातांनी पिकवायचा. आश्रमीयांनी विहीर खणली, वाफे केले. विहिरीवरच्या रहाटाला आडव्या काठ्या बसवून माणसांनीच तो फिरवला. खत, बियाणे, मशागत यांचा मार्ग निघाला, पण सर्वांत जास्त अंगमेहनत पाणी वर काढण्यात गेली. सात दशके उलटून गेली, रहाटाच्या जागी मोटर आली, तरी वर्ध्यातल्या कोणत्याही बागेची परीक्षा आजही पाण्यापाशीच होते.

खताचा प्रश्न शेजारच्याच जिल्ह्याने सोडवला. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजेच नाडेप काका, यांनी विटांचे भोकाभोकांचे टाके बनवले. दहा-बारा फूट लांब, पाच-सहा फूट रुंद, तीन फूट उंच. शेतातला काडीकचरा, माती आणि फक्त ९०-१०० किलो शेण यांचे थर लावून वर लिंपून टाकले की तीन-चार महिन्यांत खत तयार होते. तेवढ्याच शेणात उकिरड्यावर इतके खत कधीच झाले नसते. घरच्या परसाला याच्या निम्म्या आकाराचे टाकेही पुरते.

शहरी गच्चीची वाट मुंबई-कोल्हापूरकडून आली. श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून पालापाचोळ्याची सकस माती घरीच कशी करायची ते शिकवले. त्याच विचाराने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवून भाज्या आणि फळझाडे उभी केली. अशी माती मुख्यतः कुजलेल्या पानांची असल्याने हलकी असते, गच्चीवर भार पडत नाही. मात्र मुंबईच्या दमट हवेतला हा धडा वर्ध्यात जसाच्या तसा चालत नाही. इथली सिमेंटची गच्ची मेच्या दुपारी तव्यासारखी तापते आणि कुंडीतली मुळे बाजूंनी शिजतात. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवणे, बाहेरच्या रांगेला गोणपाट गुंडाळणे आणि वर पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधणे, एवढे केले तरच पालेभाजी तगते.

सांडपाण्याचा हिशेब

परसबाग किती मोठी असावी याचे उत्तर जागेपेक्षा पाणी देते. जल जीवन मिशनने ग्रामीण माणसामागे रोज ५५ लिटरचे मान धरले आहे. पाच माणसांच्या घराचे झाले २७५ लिटर. त्यातले न्हाणीचे, भांड्यांचे आणि धुण्याचे मिळून साधारण दीडशे-पावणेदोनशे लिटर पाणी पुन्हा वापरता येते. मे महिन्यात विदर्भात उघड्या पाण्यावरून दिवसाला दहा मिलिमीटरहून जास्त बाष्पीभवन होते, आणि एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर. आच्छादन आणि सावली दिली तरी भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे सात-आठ लिटर द्यावेच लागतात. म्हणजे सांडपाण्यावर उन्हाळ्यात वीस चौरस मीटर, पाव गुंठ्यालाही किंचित कमी, एवढीच बाग जगते. जून ते जानेवारी तीच बाग दुप्पट-तिप्पट पसरू शकते.

हा हिशेब न करता जानेवारीत मोठी बाग मांडणारी घरे एप्रिलमध्ये ती सोडून देतात. उलट, उन्हाळ्यात जेवढे निभेल तेवढाच कायमचा वाफा आणि बाकी सगळे मोसमी वेलींसाठी, ही वाटणी टिकते. कायमच्या वाफ्यात सांबार (कोथिंबीर), पालक, मिरची, कढीपत्ता. मोसमी मांडवावर दोडके, कारले, बरबटी, वाल, काटवल. कुंपणाकाठी अंबाडी. झाडांच्या अर्ध्या सावलीत हळद. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती या मातीचीच. वानरांच्या टोळ्या फिरतात त्या गावांत हळद, अंबाडी आणि कारले यांचा आणखी एक फायदा आहे, त्यांच्याकडे वानरे फारशी वळत नाहीत.

पाणी वाचवण्याची साधने साधीच आहेत. बिनझिलईचे, पाझरणारे मडके वेलीच्या बुंध्याशी गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले की ओल थेट मुळाशी जाते. साबणाचे पाणी आधी वाळू-कोळशाच्या छोट्या खड्ड्यातून किंवा कर्दळीच्या वाफ्यातून काढावे आणि पालेभाजीऐवजी केळी-पपईला द्यावे. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी मात्र कुंडीत ओतू नये. दिवसभर पाणी उडून त्यात क्षार साठलेले असतात.

राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने, ‘उमेद’ने, बचत गटांमार्फत पोषण परसबागांची मोहीम चालवली. शाळांच्या आवारातही परसबागा झाल्या. या मोहिमांची खरी कसोटी उन्हाळी सुट्टीत लागते. शाळा बंद, पाणी घालणारे कुणी नाही, अशा वेळी ज्या शाळांनी शेवगा, कढीपत्ता, लिंबू यांसारखी चिवट झाडे लावली, त्यांच्याकडे जूनमध्ये काहीतरी हिरवे शिल्लक राहते.

माशांच्या टाकीचे काय?

आता अॅक्वापोनिक्स. कल्पना देखणी आहे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. टाकीतल्या खडी-वाळूवर वाढणारे एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. ते नायट्रेट झाडे खातात आणि स्वच्छ झालेले पाणी माशांकडे परत जाते. अमेरिकी व्हर्जिन बेटांवरच्या विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी १९८०च्या सुमारास ही पद्धत शास्त्रीय पायावर बसवली. बेटावर गोडे पाणी आणि माती दोन्ही कमी, म्हणून तिथे तिची गरज होती.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४मध्ये घरगुती अॅक्वापोनिक्सवर मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिच्यातला मुख्य ठोकताळा असा: पालेभाजीच्या एक चौरस मीटरला रोज ४०-५० ग्रॅम माशांचे खाद्य. हजार लिटरच्या टाकीत पंधरा-वीस किलो मासे पोसले आणि वजनाच्या एक टक्का खाद्य दिले, तर रोज दीडशे-दोनशे ग्रॅम झाले. त्यावर तीन-चार चौरस मीटर पालेभाजी निघते. पंप ४० वॉटचा धरला तरी चोवीस तासांत जवळपास एक युनिट वीज, महिन्याला तीस. सांडपाण्यावरचा वीस चौरस मीटरचा वाफा वीज न खाता चालतो, हे इथे आठवावे.

‘नव्वद टक्के पाण्याची बचत’ हा दावाही नीट समजून घ्यायला हवा. बचत होते ती जमिनीत मुरणाऱ्या पाण्याची. पान जेवढे पाणी हवेत सोडते तेवढे सोडतेच, मुळे मातीत असोत की खडीत.

वर्ध्यात त्याहून मोठी अडचण गरम पाण्याची. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तीस अंशांना सातच्याही खाली येतो. त्याच वेळी माशांची भूक आणि श्वास वाढलेले असतात. त्यात इथले विहिरी-बोअरचे पाणी जड आणि अल्कधर्मी. सामू सातवरून आठवर गेला की विषारी स्वरूपातल्या अमोनियाचा वाटा जवळजवळ दहापट होतो. शिवाय अशा पाण्यात झाडांना लोह मिळत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात आणि लोह वेगळे द्यावे लागते. अशात दुपारी तास-दोन तास वीज गेली आणि हवेचा पंप थांबला, तर दाटीने ठेवलेले मासे संध्याकाळ पाहत नाहीत.

मासा निवडताना कायदाही पाहावा लागतो. परदेशी पुस्तकांतला तिलापिया आपल्याकडे परवानगीशिवाय पाळता येत नाही आणि थाई मांगूरवर बंदीच आहे. देशी मागूर आणि मरळ हे मासे पृष्ठावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे प्राणवायू घटला तरी ते तग धरतात. मरळ मात्र आपल्याहून लहान भाऊबंदांनाच खातो, म्हणून सारख्या आकाराची पिले लागतात. रोहू-कटला मोठ्या पाण्याचे मासे. लहान टाकीत ते वाढत नाहीत, नुसते जगतात. सल्ल्यासाठी नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आणि जिल्ह्यातच सेलसुऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे.

मातीविना फक्त खतपाण्यावर चालणाऱ्या हायड्रोपोनिक्सची गोष्ट फार वेगळी नाही. मासे मरण्याची भीती नाही, पण पाइपातले पाणी तीस अंशांपुढे तापले की मुळे कुजू लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिचा वर्ध्यातला मोसम. उरलेले वर्ष तिला थंड ठेवण्यातच खर्च होते.

मधली वाट

मासे आणि भाजी यांची जोडी विदर्भात चालतच नाही असे मात्र नाही. भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत ढिवर मासे धरतात आणि त्याच तलावांच्या पाण्यावर धानाच्या बांध्या पिकतात. २०१६पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून जी तळी झाली, त्यांतही पावसाळ्यात मत्स्यबीज सोडून पाणी आटण्याआधी मासे काढतात आणि तेच पाणी पिकाला देतात. यात पाणी फिरवणारा पंप नाही, जिवाणूंची खडी नाही. मातीच ते काम करते.

परसात हेच लहान प्रमाणात करता येते. हजार लिटरची टाकी किंवा हौद झाडाच्या सावलीत ठेवावा. जुलैमध्ये मागुराची पिले थोडीच, विरळ सोडावीत. रोज टाकीच्या तळातले पन्नास-साठ लिटर गढूळ पाणी काढून थेट मांडवाखालच्या वेलींना द्यावे आणि तेवढे ताजे पाणी टाकीत भरावे. हे पाणी एरवीही वेलींना घालावे लागणारच होते, ते आता खतासह जाते. पाणी रोज बदलत असल्याने अमोनिया साचत नाही, आणि मासे विरळ व हवेतून श्वास घेणारे असल्याने वीज गेली तरी धोका फार नाही. डासांसाठी आरोग्य विभाग वाटतो ते गप्पी मासे इथे चालत नाहीत, मागूर ते गट्ट करतो. टाकीवर बारीक जाळी बांधणे बरे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाणी तापायच्या आत, मासे काढून घ्यावेत. एप्रिल-मेमध्ये टाकीचा उपयोग न्हाणीचे गाळलेले पाणी साठवायला होतो आणि बाग कायमच्या वाफ्यापुरती आकसते. टाकीच्या तळाशी बसलेला गाळ वाळवून ठेवला, तर मृगाच्या आधी हळदीच्या आणि काटवलाच्या कंदांसाठी खड्डे भरताना तो नाडेप खतात मिसळता येतो.